पाहुण्यासमोर हिरवा, घरच्यांना लाल

मी चार्जर बोलतोय. मोबाईलचा नव्हे, ट्रकचा. तसा हातभरच खोका आहे मी. भिंतीला खिळलेला, पोटातून जाड काळी वायर लोंबतेय आणि तिच्या टोकाला ट्रकमध्ये खुपसायचा दांडा. त्या दांड्याला कंपनी 'गन' म्हणते. म्हणून तर मी पाचोऱ्यात आलो त्या दिवशी गल्लीभर झालं, की सुयशने घरात बंदूक आणली.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यातला. तिथे मला तपासून 'पास'चा शिक्का मारला. आयुष्यात पास झालो तो तेवढाच. पण मिजास केवढी! मला वाटायचं, ट्रक माझ्याच जिवावर पळतो. बॅटरी, चाकं आणि सुयश हे आपले सोबतीला.

सुयश आधी सुरतेला कपड्याच्या कारखान्यात होता. लेक झाली, रूपा, पण तिचं पालथं पडणं त्याने फोनवरच बघितलं. शेवटी त्याची बायको शिल्पा म्हणाली, "जे काय करायचं ते इथे करा. मला एकटीला लेकरू सांभाळायची भीती वाटते." म्हणून हा बॅटरीवरचा छोटा ट्रक घेतला. पाचोऱ्याहून जळगावला केळी न्यायची, येताना दुकानांचा माल आणायचा, आणि घरी आल्यावर ट्रक माझ्या हवाली.

पावसाळा, हिवाळा बरा गेला. फाल्गुनात रूपा चालायला लागली आणि शिल्पाच्या जिवाला घोर लागला. माझ्या खालीच अंगणाच्या कोपऱ्यात कपडे धुवायचा दगड होता. वर वीज, खाली पाणी, मध्ये दुडुदुडु पोर.

"करंट उतरला म्हणजे?" म्हणत तिने तो दगड पार घरामागे हलवायला लावला. कोपरा कोरडा ठणठणीत करून टाकला. मला तर छान वाटलं. आपली केवढी ही दहशत!

पुढच्याच पंधरवड्यात मी लाल झालो.

माझ्या तोंडावर एकच दिवा आहे. वीज देतोय, हिरवा. बिघडलोय, लाल. बोलायची तेवढीच अक्कल. ट्रक समोर उभा, केळी सकाळी न्यायची, आणि मी आपला लाल डोळा वटारून गप्प. का झालो ते मलाही ठाऊक नव्हतं. विचारणार कोणाला?

शिल्पाने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, लाल दिवा लुकलुकतोय का?"

"नाही हो भाऊ. एकटक बघतोय."

"बंद करून चालू करा."

"चारदा केलं. आता मीच बंद पडेन."

मग जळगावहून इंजिनीअर यायचं ठरलं. तेजस त्याचं नाव. तो येणार म्हटल्यावर सुयशच्या आईने, द्रौपदाबाईने, अंगण झाडलं आणि चांगला सडा टाकला. पाव्हणा येणार आणि अंगणात धूळ, हे तिला खपत नाही. बादलीत उरलेलं पाणी ती नेहमी कोपऱ्यात उपडं करते, तसं केलं.

तेजसने गन ट्रकला लावली आणि मी हिरवागार! डॉक्टरच्या दारात गेल्यावर ज्या पोराचा ताप उतरतो ना, तसलं पोर मी.

"ताई, हा तर मस्त चालतोय."

"आत्ता चालतोय! तुम्ही गेलात की बघा."

तरी त्याने वायर बदलून दिली. तो गेला, ऊन चढलं, अंगण वाळलं, मी लाल.

दुसऱ्यांदा तो आला. पुन्हा सडा, पुन्हा बादली, पुन्हा मी हिरवा. या खेपेला माझ्या पोटातलं कार्ड बदललं. जाताना तो सुयशला हळूच म्हणाला, "वहिनींना बटण नीट दाबायला सांगा." शिल्पाने ऐकलं. त्या दिवशी तिने भाकऱ्या फार जोरात थापल्या.

मग ट्रकवाल्या कंपनीने सांगितलं, चार्जर खराब. चार्जरवाल्यांनी सांगितलं, गाडी खराब. दोघांनी मिळून सांगितलं, तुमची लाईट खराब. मी मधल्या मधे भिंतीवर. नवी वायर, नवं कार्ड, आणि अंगात काडीचा दम नाही.

सुयश चाळीसगावच्या ओळखीच्या माणसाकडे ट्रक चार्ज करायला नेऊ लागला. जाण्यायेण्यातच निम्मी बॅटरी खलास. केळीवाले दुसरी गाडी बघू लागले. आणि एका संध्याकाळी माझ्यासमोरच त्याने सुरतेला आपल्या मेहुण्याला, युवराजला, कामासाठी स्पीकरवर फोन केला.

"जागा शे का रे तुन्हाकडे?"

"शे ना. सोमवारी ये."

शिल्पा दारात रूपाला कडेवर घेऊन उभी होती. "सोमवारी?" इतकंच म्हणाली. मी कोणाकडे बघणार? मला एकच डोळा, तोही लाल.

शनिवारी तेजस आला. न सांगता. भडगावला काम होतं, वाटेत डोकावला. अंगणात धूळ, कोपरा कोरडा, आणि मी लालबुंद. पहिल्यांदाच चोर सापडला!

"बघा!" शिल्पा ओरडली. "बघा, मी खोटं बोलत होते का?"

तेजस पिशवीतून मीटर काढतो न काढतो तोच द्रौपदाबाई बादली घेऊन धावत आली. "अरे भाऊ, सांगीसन येवानं ना! आंगन कसं पडेल शे!" तिने भराभरा सडा टाकला आणि उरलेली बादली कोपऱ्यात उपडी केली.

शिल्पा माझ्याकडे हात करून तक्रार सांगतच होती. तेजसने माझं बटण पुन्हा दाबलं आणि तिचं बोट हवेतच राहिलं. मी हिरवा झालो होतो.

तेजसची नजर ओल्या कोपऱ्यावर गेली. मग त्याने विचारलं, "आजी, ते पाणी कुठे ओतलं?"

कोपऱ्यात एक झाकण होतं. त्याच्याखाली माझं अर्थिंग, म्हणजे फुटलेली वीज जमिनीत जिरवणारी माझी पुरलेली तार. माती ओली असली तर मी ठीक. खान्देशातल्या उन्हाने ती वाळून दगड झाली, की मी धोका ओळखून लाल. वर्षभर कपड्यांचं पाणी तिथे मुरत होतं. धुण्याचा दगड हलला, पाणी तुटलं, आणि माझ्यात अर्थच उरला नाही.

"म्हणजे माझ्याच भीतीपायी?" शिल्पा त्या झाकणाकडे बघत म्हणाली.

"चूक माझी," तेजस म्हणाला. "मी ओल्या अंगणात मोजून गेलो."

"मन्हा सडानी चूक नही ना?" द्रौपदाबाईने विचारलं, आणि शिल्पा हसता हसता रडायला लागली.

त्यांनी खड्डा खोल केला, कोळसा-मीठ भरलं, मागच्या दगडाचं पाणी नळीने तिथे आणलं, वर जड फरशी टाकली. रूपाला उघडता येणार नाही अशी. ती शिल्पाने तीनदा हलवून बघितली.

रविवारी युवराजचा फोन आला. "मग, निघाला का?"

"नही रे. उद्या जळगावनं भाडं शे."

आता तुम्हाला एक विनंती. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल आणि लाल झाला, तर घरच्या बाईला बोल लावण्याआधी खालची माती बघा. पाणी मातीत घाला, त्याच्या डोक्यावर नको. आम्ही मूर्ख आहोत, आंघोळीला आलेलो नाही.

बाकी माझं बरं चाललंय. ट्रक येतो, शिल्पा गन लावते, मी हिरवा होतो आणि सगळे जेवायला आत जातात. माझ्याकडे ढुंकूनही कोणी बघत नाही. चार्जरच्या जातीला याहून मोठं सुख नाही.