भिवाजींची फ्रेंच

मी बोलून राहिलो तो सौंसरच्या भिवाजी गजभियेंच्या फळीवरून, रेडिओच्या शेजारून. फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश आहे मी, जाडजूड, पाठ उसवलेला. छापला गेलो दूरदेशी, पण इतकी वर्षं संत्र्यांच्या मुलखात काढल्यावर बोली इथलीच लागली. त्याला माझा इलाज नाही.

भिवाजी पोस्टात बाबू. परदेशी जाणाऱ्या पत्रावर ते निळी चिठ्ठी चिकटवत. तिच्यावर 'विमानानं' असं फ्रेंचमध्ये छापलेलं असे. साऱ्या देशांच्या टपालाची भाषा फ्रेंच, हे त्यांना मोठ्या साहेबांनी सांगितलेलं. झालं! ज्या भाषेत दुनियेचं टपाल चालतं, त्याच भाषेत दुनियाही चालत असणार, असं त्यांनी धरून घेतलं. पोस्टाच्या खिडकीतून जग पाहणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

मग नागपूरच्या फुटपाथवरून त्यांनी मला आणलं आणि इंदूच्या, म्हणजे लेकीच्या, हातात ठेवलं. तिनं कॉलेजात फ्रेंच घ्यावी, एखाद्या वकिलातीत नोकरी करावी, हे त्यांचं स्वप्न. तिच्या आईला, शकुबाईंना, पोरगी मास्तरीण व्हायला हवी होती. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नका, असं सांगून सांगून त्या थकल्या. ऐकतो कोण!

इंदू जीव तोडून शिकली. नागपूरला मावशीकडे भाकरी थापता थापता क्रियापदं घोकायची. माझ्या पानांवर तिची पिठाची बोटं अजून आहेत. वर्गातल्या पोरी मात्र एकेक करून गळाल्या, शेवटी ती एकटीच उरली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

शहाऐंशी साली नागपूरच्या एका कंपनीत तिची मुलाखत झाली. कंपनीची यंत्रं फ्रान्सहून यायची. मी तिच्या पिशवीत होतो. समोर खुद्द फ्रेंच साहेब. इंदू त्याच्या भाषेत दोन वाक्यं काय सुंदर बोलली! तो खूश झाला आणि उत्तर दिलं इंग्रजीत. आता आम्हीही सौदे इंग्रजीतच करतो, म्हणाला, आणि इंग्रजी टायपिंग येतं का ते विचारलं. तिला येत नव्हतं. माझ्याच गावचा माणूस माझी भाषा घरी ठेवून आला होता. फार लागलं मला ते.

घरी येऊन इंदूनं खरं ते सांगितलं. भिवाजी त्या रात्री जेवले नाहीत. शकुबाईंनी त्या दिवशी म्हण काढली नाही, हे त्यांचे उपकार.

इंदू मास्तरकीच्या ट्रेनिंगला लागली. मी फळीवर धूळ खात पडलो. रद्दीवाल्याची हाक आली की माझा जीव टांगणीला लागायचा.

एक दिवस भिवाजी पोस्टातून आले, हातपाय धुतले आणि मला खाली काढून एकेक अक्षर जुळवत बसले. उच्चारांचं काही विचारू नका. इंदू दारात थबकली. बाबा, आता कशाले, तिनं विचारलं.

"दुनियेनं सोडली त सोडू दे," भिवाजी म्हणाले. "माह्यापायी शिकली तू. आता या गावात एकटी कोनाशी बोलशीन? मी शिकून राहिलो न."

इंदू ओढणीत तोंड लपवून रडली. मग त्यांच्याजवळ बसली आणि चुकलेला शब्द पुन्हा म्हणून दाखवला.

आता माझी पानं सुटून राहिली. मला रद्दीत देऊ नका, एवढंच मागणं. माझी भाषा जगात कुठं कुठं ओसरली, मला काय ठाऊक? इथं एक म्हातारा शाळेतून आलेल्या लेकीला रोज फ्रेंचमध्ये विचारतो, दमली का गं माय? धड बोलता येत नाही त्याला. पण ती त्याच भाषेत उत्तर देते.