पाचाचं बटण

कारखान्यात सगळे त्याला भट्टीदादा म्हणत. रबरी रिंगांचे ट्रे भट्टीत सारायचे, दाराशेजारच्या कीपॅडवर मिनिटं टाकायची आणि भोंगा वाजला की ट्रे बाहेर ओढायचे, हे त्याचं काम. उभं राहून राहून त्याची हाडं खिळखिळी झाली होती, आणि डोळ्यांनी तर केव्हाच दगा दिला होता. डिस्प्लेवरचे लाल आकडे आता नुसते लाल डाग दिसत. पण हे सांगणार कुणाला? डोळे अधू झाले की भट्टी जाणार, आणि भट्टी गेली की घरी बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तो बोटांच्या भरवशावर दिवस ढकलत होता.

बोटं मात्र पक्की होती. पाचाचं बटण झिजलेलं, दोनदा दाबल्याशिवाय लागत नसे. म्हणून पाच मिनिटं टाकताना बोट आपसूक दोनदा पडे. काल मेकॅनिकने कीपॅड बदलला. दादाच्या देखतच बदलला, पण बोटांना कोण सांगणार! आज त्याने सवयीने दोनदा दाबलं. नव्या बटणाने दोन्ही पाच मुकाट्याने घेतले आणि भट्टी पंचावन्न मिनिटांवर लागली. दादा भोंग्याची वाट बघत स्टुलावर टेकला, तो तिथेच पेंगला. जाग आली ती जळक्या वासाने.

साहेब धावत आले. काळ्या पडलेल्या रिंगांकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"दादा, एवढा मोठा आकडा समोर होता की!"

"सवयीनं झालं, साहेब."

"सवयीनं बोट चुकेल. डोळे कुठे होते?" साहेबांनी मधली ट्रेंची गाडी बाजूला ढकलली आणि कीपॅडवर काहीतरी दाबलं. "आता किती दिसतंय, वाचा."

दादा डोळे बारीक करून त्या लाल डागाकडे बघू लागला. तेवढ्यात कटिंगच्या टेबलावरून त्याच्या बायकोचा आवाज आला. रिंगांच्या कडा कापायचं काम तिचं.

"अहो, संध्याकाळी अंडी न्यायचीत हं! आठ! विसराल, आठ!"

म्हणजे हिला डोळ्यांचं माहीत होतं. तो मिनिटं टाकून वळला की ही पाणी प्यायला म्हणून इकडून जायची, ती कशासाठी, हे त्याला आत्ता उमगलं. आठ म्हटलं की आजचं निभावलं असतं. पण उद्या? परवा? त्याला एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

"नाही दिसत, साहेब," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले."

साहेबांनी कीपॅडवरचा आकडा पुसला. जाताना म्हणाले, "उद्या आधी डोळे दाखवून या. भट्टीवर दुसरा माणूस येईल. पुढचं मग बघू."

बायको टेबलाला धरून सावकाश उठली आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

"आठ म्हणायला तोंड दुखत होतं का?" ती चिडून म्हणाली. मग आवाज खाली आला. "आज पाठीत उसण भरलीय. मध्ये ती गाडी, आणि उठताच आलं नाही मला, नाहीतर आकडा बघितला असता."

"सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

तिची पाठ तो हळूहळू चोळू लागला.