टर्बोची अडकलेली झडप

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. एरंडोलच्या हितेंद्रभाऊंच्या जुन्या डिझेल पिकअपमध्ये, टर्बोच्या तापलेल्या अंगाला चिकटून मी राहत असे. मी एक लहानशी झडप, मला ओढायला एक दांडी. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. दाब फार वाढला की मी उघडायचं आणि धूर बाजूने जाऊ द्यायचा, एवढंच माझं काम.

बारा वर्षं मी ते बिनबोभाट केलं. केळीचे घड घेऊन कितीतरी चढ चढले. मग एका पावसाळ्यात गाडी दोन महिने उघड्यावर उभी राहिली. मला गंज चढला, त्यावर काजळी बसली. दिवाळीनंतर एका सकाळी मी मिटले ती उघडलेच नाही.

गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळू लागली. भाऊ खूश झाले. मला मात्र भीती वाटू लागली.

इंजिनातून शिट्टी येते म्हणून भाऊंनी गाडी धुळ्याला, देवपुरातल्या उखर्डूनानांच्या गॅरेजात नेली. नानांनी माझी दांडी हलवणाऱ्या डबीत हातपंपाने हवा भरली. दाबाचा काटा चढला, दांडी हलली नाही.

“हाई दांडी अडकेल शे, भाऊ. गाडी चढवर नेऊ नको.”

“पन गाडी तं झकास पळी राहिनी, नाना!”

“तेच तं वाईट शे.”

नानांनी तेल सोडून, पक्कडीने हलवून मला थोडं सैल केलं. तापल्यावर मी पुन्हा अडकेन, हेही बजावलं. नवा भाग सोमवारी येणार होता. भाऊंना शनिवारी कापूस वेचणाऱ्या बायांना सातपुड्यातल्या त्यांच्या पाड्यावर सोडायचं होतं.

चढावर मी तापले आणि घट्ट बसले. मागे अकरा बाया गप्पा मारत होत्या. दाब वाढत गेला. हवेची रबरी नळी फाडकन फुटली, इंजिन बंद पडलं. इंजिनाचा जोर गेल्याने ब्रेक दगडासारखा कडक झाला. गाडी दरीकडे मागे सरकू लागली.

“गाडी मांगे चालनी!” त्यांतल्या शेवंताबाई ओरडल्या आणि त्यांनी उडी टाकली. कडेचा धोंडा त्यांनी चाकाखाली सारला. गाडी थांबली. त्यांचा उजवा हात मात्र टायरखाली सापडला.

अकराही जणी वाचल्या. शेवंताबाईंची दोन बोटं गेली.

सोमवारी नानांनी मला काढून गॅरेजातल्या फळीवर ठेवलं. भाऊ माझ्याकडे बघत पायरीवर बसून राहिले.

मित्रांनो, गाडी विनाकारण जास्त ओढू लागली तर आनंद मानू नका. थांबवा, तपासून घ्या. जाणत्याने नको म्हटलं तर ऐका. आम्हाला ओरडता येत नाही.

परवा भाऊ नानांना सांगत होते, शेवंताबाई आता डाव्या हाताने कापूस वेचतात. गाडीत मात्र बसत नाहीत. पाड्यापासून पायथ्याच्या शेतापर्यंत चालत जातात.