धुतलेलं ताट

शांतम्मा मावशीनं मला फसवून जेवायला नेलं, आणि वाईट म्हणजे जेवण फार चांगलं होतं.

"कलबुर्गीच्या त्या मोठ्या हॉटेलात दुपारची थाळी स्वस्त केलीय म्हणं," ती म्हणाली. "अभ्यास करून वाळायलीस, सुधा. चल की!" मीही भाळले. बसवकल्याणहून बसनं गेलो. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, गार एसी, चिनीमातीची मोठाली ताटं. भरली वांगी, शेंगाचटणी, बशीएवढ्या नाजूक भाकऱ्या. खानावळीच्या भावात असला थाट! मी मनापासून चापत होते.

तेवढ्यात चन्नव्वा आणि त्यांचा मुलगा महेशकुमार आमच्याच टेबलाशी येऊन बसले. "अगंबाई, तुमी हितं कसं?" मावशी म्हणाली. चौघांचं टेबल तिनं का धरलं होतं, ते मला तेव्हा कळलं. घरच्यांनी माझ्यासाठी बघितलेलं स्थळ हेच. त्यांना नोकरी करणारी सून नको होती, आणि मला बी.एड. संपवून वर्गात उभं राहायचं होतं. घरी मी स्पष्ट नाही म्हटलं होतं.

मी भिंतीकडच्या खुर्चीत. बाहेर पडायचं तर महेशकुमारला उठवावं लागलं असतं, आणि तो मोबाइलमधून मान वर काढत नव्हता.

खीर आली. चन्नव्वांनी चमचा भरून माझ्या तोंडाशी धरला. आमच्याकडे मुलाच्या आईच्या हातचं गोड मुलीनं खाल्लं की सोयरीक ठरली. मग तिला कुणी काही विचारत नाही.

"आ कर की! कामून लाजायलीस?" मावशीनं टेबलाखालून चिमटा काढला. मला भयंकर राग आला, रडूही आलं. पण चारचौघांत त्या बाईंचा हात ढकलायला धीर होईना.

मग अज्जांची, माझ्या आजोबांची, आठवण झाली. आमच्या घरी जेवण झालं की ताटात पाणी ओतून बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्नाचा कण वाया जाता कामा नये. ते पाणी प्यायलं की जेवण संपलं, मग तोंडात काही घालायचं नाही. अज्जांपुढे हा नेम मोडायची कुणाची टाप नव्हती.

मी पेला ताटात रिकामा केला. ताट निपटून धुतलं, दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाला लावलं. वेटर बघतच राहिला.

"माझं जेवण झालं, अक्का. आता काही चालत न्हाई."

मावशीचं तोंड उतरलं. सुटले एकदाची!

चन्नव्वांनी चमचा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"महेश, ठेव तो मोबाइल. एवढ्या मोठ्या हॉटेलातबी ताट धुऊन प्यायला पोरगी लाजली न्हाई बघ. असली सून कुठं मिळायलीय आता?" मग त्यांनी वेटरला हाक मारली. "ही खीर बांधून दे. संध्याकाळी हिच्या घरी येऊन भरवते."

महेशकुमार तेव्हा कुठे खुर्चीवरून उठला. मला वाट द्यायला नाही, मावशीच्या पाया पडायला.