शेवटचा पाहुणा उठेपर्यंत

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक अंधारी खोली मनात आणा. टेबलाखाली धुळीत घरघरणारा लोखंडी डबा दिसला का? तो मी. मालावीतल्या सरोवराकाठच्या एका छोट्या रेडिओ केंद्राचा जुना संगणक.

चौदा वर्षे मी माणसांचे आवाज सांभाळले. मका कांडणाऱ्या बायकांची गाणी, मासेमारांच्या गप्पा. सुरुवातीला लोक कौतुकाने म्हणत, "याच्या पोटात अख्खं गाव आहे." पुढे माझी धूळही कोणी पुसेना.

एका सकाळी तियामिके नावाची शाळकरी मुलगी आली. तिची आजी वारली होती. आमच्याकडे मृत्यूची बातमी रेडिओवर देतात. ती ऐकून लांबच्या गावांतले मामा निघतात, आणि मामा आल्याशिवाय मयत उचलत नाहीत. पण मी काठोकाठ भरलो होतो, त्यामुळे प्रसारणच बंद पडले होते.

तंत्रज्ञ चिकोपांनी नोंदींची एक भलीमोठी फाईल पुसली. तरी जागा होईना.

"खोटारड्या!" त्यांनी मला चापट मारली. "एवढं काढलं, तरी पोट भरलेलंच?"

मी खोटे बोलत नव्हतो. फाईलचे फक्त नाव गेले होते. प्रसारण बंद पडले तरी त्याचा प्रोग्राम चालूच होता; तो तिला अजून उघडी धरून होता, तिच्यात नोंदी लिहीतच होता. मग चिकोपा जुने आवाज पुसू लागले. सुटलेली जागा ती बिननावाची फाईल गिळत राहिली. अकरा आवाज गेले. ज्यांचे ते आवाज, ती माणसे तर आधीच गेली होती. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

"बाम्बो, ती पुसलेली फाईल कुणी वापरत तर नाही ना?" तियामिकेने विचारले; आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'बाम्बो' म्हणतात. "शेवटचा पाहुणा उठेपर्यंत आम्ही दुखवट्याचं घर झाडत नाही."

"पोरी, हे मशीन आहे, मयताचं घर नाही," चिकोपा खेकसले. मग त्यांचा हात थांबला. पुसलेल्या, पण कोणीतरी धरून ठेवलेल्या फायलींची यादी त्यांनी मला मागितली. मी लगेच दिली. त्यांनी तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला, आणि माझ्यात जागा झाली.

"म्हणजे ते आवाज उगाच पुसले मी," चिकोपा पुटपुटले.

"दुसरीकडे कुठे ठेवलेत?"

"कुठेच नाहीत गं."

मित्रांनो, जागा सुटत नसेल तर आणखी पुसत सुटू नका. आधी विचारा, कोण धरून बसले आहे?

तियामिके माइकसमोर बसली. तिने आजीचे नाव आणि दफनाची वेळ सांगितली. मग चिकोपांकडून ती अकरा नावे कागदावर लिहून घेतली आणि त्याच सुरात, एकेक करून, तीही वाचली.