आमच्या घरचा मीटर

मोर्च्याच्या बंदोबस्ताला मला माझ्याच गावासमोर उभं करायची अक्कल कोणाची, देव जाणे. वीज कंपनीच्या गेटबाहेर आमचं अख्खं नावडे गाव बसलेलं. नवे मीटर लागल्यापासून बिलं दुपटीने यायला लागली, म्हणून लोकांनी भिंतीवरचे मीटर उपटून आणले आणि गेटसमोर ढीग घातला. पंचनामा होईपर्यंत त्याला कोणी हात लावू नये म्हणून राखणीला मी, पोलीस शिपाई जागृती म्हात्रे. भर दुपार, डोक्यावर ऊन, पोटात कावळे.

पहिल्याच रांगेत माझा धाकटा भाऊ मिथुन. माझ्याकडे बघून हसला, गाढव.

ढिगात एका मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. वायर तुटलेली, वीज कुठली, आणि हा आपला चालूच. उचलून बघितला तर वर हळदकुंकवाची बोटं. घरात नवं काही आलं की आमचे वडील, आबा, हळदकुंकू लावतात, मग ती मोटरसायकल असो की मिक्सर. मीटर आमच्याच घरचा होता. आबा महिनाभर ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत.

"मिथुन्या, मीटर काढलास? आणि आबांची मशीन?"

"डायरेक वायर टाकलीय ना. मशीन चालू हाय. मनस्वी बसलीय त्यांच्यापाशी. उगा टेन्शन घेव नको, ताई."

मनस्वी त्याची बायको. तिला फोन लावला, लागेना.

दिवा पेटायचा, थांबायचा, दम खाऊन पुन्हा पेटायचा. आबांचा श्वास असाच चालतो, उशाशी बसून ऐकलाय मी. मीटर खाली ठेवला तर दिवा मंदावला. हातात घेतला, परत सावरला. पुन्हा ठेवून बघितला, पुन्हा तेच. आईशप्पथ, मग मी ठेवलाच नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरला. कोमट होता, जरा घामेजलेला.

"साहेब, घरी जाऊन येते. वडील सिरियस आहेत."

"घरून फोन आला का?"

"नाही."

"मग मोर्चा उठल्यावर जा."

काय सांगणार होते, मीटरने कळवलं म्हणून? मिथुनला म्हटलं, तू तरी जा बाबा. "निवेदन घेतल्याबिगर कोन उठनार नाय," म्हणाला. हट्टी मेला.

तेवढ्यात साहेब ओरडले, "उचला सगळ्यांना! म्हात्रे, तो डबा ठेव खाली! त्या म्हातारीला घे!"

म्हातारी म्हणजे शेजारच्या वेणूबाई. एवढ्याशा वेळात काय होतंय, म्हटलं. मीटर रस्त्यावर ठेवला, वेणूबाईंना गाडीत चढवलं आणि धावत परत आले.

दिवा विझलेला. हलवला, छातीशी धरला, शिव्या घातल्या, हात जोडले. मीटर थंडगार पडला होता.

फोन वाजला. मनस्वी रडत होती.

"ताई, आबा मगाधरनं हसत होते. म्हनत, जागृती आलीय, माजा हात धरलाय तिनं. आता एकदम बोलले, सोरला गो हात पोरीनं. मंग बोललेच नाय काय."

"आणि मशीन?"

"चालू हाय ना ताई. मशीन अजून चालूच हाय."