पोतंभर ठोकळे

थोरला शेगडीत लाकडं जाळायचा आणि भिंतीपलीकडे राहणारा धाकटा भुशाचे दाबलेले ठोकळे.

"दादा, ठोकळे महाग दिसतात, पण शेवटी स्वस्तच पडतात. माझं एक पोतं महिनाभर पुरतं!" धाकटा सारखं ऐकवायचा.

अखेर थोरल्याने लाकडं बंद केली, ठोकळे आणले आणि धाकट्यासारखाच दिवसाला एकच जाळला. संध्याकाळपर्यंत त्याचे दात वाजायला लागले. तेवढ्यात धाकटा आणि त्याची बायको, दोघंही एकाच रजईत, दारात हजर!

"भाऊजी, लाकडं पेटवा हो," ती कळवळून म्हणाली. "तुमच्या शेगडीने भिंत तापायची, त्यावरच आमचं घर चालायचं."

धाकटा खाली बघू लागला. थोरल्याने लाकडं पेटवली, पण आधी धाकट्याकडून फोडून घेतली.